कोकणातल्या उकाड्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा मुलगा देवगडकडचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत लग्नाचे नि जत्रेचे व्हिडिओ एडिट करून चार पैसे मिळवतो. मशीन बऱ्यापैकी आहे: एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी ३२०० ची रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड. कूलर प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला तोच. पीसी माडीवर, कौलांखाली. कुणीतरी पाच मिनिटांत ओव्हरक्लॉक करून, म्हणजे प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवलेल्यापेक्षा वाढवून, दाखवल्याचा व्हिडिओ त्याने पाहिला आणि आता त्याला ४.८ गिगाहर्ट्झ हवेत. ‘पहिल्यांदाच करतोय, काही जळणार तर नाही ना?’ हा मुख्य प्रश्न. जोडीला कणकवलीच्या आतेभावाकडे इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आहे, त्याचंही काही होईल का, असं विचारलंय.

जळणार नाही. पण ४.८ चा हट्ट सोड. मी रत्नागिरीत मशीन जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो, आणि माझा अनुभव असा की इकडे प्रोसेसरची मर्यादा सहसा लागतच नाही. त्याआधी खोलीची, हवेची आणि लाईटीची मर्यादा लागते. त्या तिघांचा बंदोबस्त केलास तर बाकीचं काम दोन संध्याकाळींचं आहे.

आधी जळण्याची भीती बाजूला काढू. ५६००एक्सची तापमानाची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. तिच्याजवळ गेला की तो आपणहून वेग कमी करतो, आणि तरीही आवरलं नाही तर मशीन बंद पडतं. म्हणजे नुसत्या तापमानाने प्रोसेसर मरणं कठीण. तो मरतो हाताने दिलेल्या जादा व्होल्टेजने, आणि तेही एका झटक्यात नाही. करंट आणि उष्णता दोन्ही जास्त असली की आतल्या अतिसूक्ष्म तारांमधले धातूचे अणू इलेक्ट्रॉनांच्या रेट्याने हळूहळू जागा सोडतात. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. बाहेर काहीच दिसत नाही. ज्या वेगाला मशीन दिवाळीत सुरळीत चालत होतं, त्याच वेगाला पुढच्या गणपतीत हँग होऊ लागतं, इतकंच कळतं.

आता ४.८ ने मिळणार काय ते बघ. ५६००एक्स मुळातच ४.६ पर्यंत बूस्ट घेतो, म्हणजे काम पडलं की आपणहून तेवढा वेग वाढवतो. ४.६ वरून ४.८ म्हणजे सव्वाचार टक्के. ४० मिनिटांचं एक्स्पोर्ट फार तर ३८ मिनिटं २० सेकंदांवर येईल, आणि तेसुद्धा सगळं काम प्रोसेसरच करत असेल तर. तुझ्याकडे १६६० सुपर आहे, तिच्यात व्हिडिओ एन्कोड करणारा वेगळा भाग बसवलेला आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत हार्डवेअर एन्कोडिंग चालू आहे का, हे पहिलं बघ. बऱ्याच जणांचं सॉफ्टवेअरवरच राहून गेलेलं असतं. त्या एका खुणेने जेवढा वेळ वाचेल तेवढा कुठल्याही ओव्हरक्लॉकने वाचणार नाही.

जुन्या लोकांच्या गोष्टी ऐकून अपेक्षा वाढतात, त्यांचंही खरं आहे. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या. मदरबोर्डच्या मूळ तालाला (बसला) मल्टिप्लायरने गुणलं की प्रोसेसरचा वेग मिळतो. इथे मल्टिप्लायर साडेचार, बस ६६ मेगाहर्ट्झची. बस १०० वर नेली की ३०० चा प्रोसेसर ४५० वर पळायचा, आणि पुष्कळसे पळायचेही. दीडपट वेग, जवळजवळ फुकट. तेव्हा कंपन्या चिपमध्ये बरंच शिल्लक ठेवून विकायच्या. आज प्रोसेसर स्वतःच तापमान, वॉट आणि करंट बघत दर क्षणाला जमेल तेवढा वर जातो. आपल्या वाट्याला उरतं ते ताटातलं शेवटचं शित.

आणि त्या शिताची किंमत जबर असते. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समज, सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) ४.२ वर १.२० व्होल्टला चालतायत आणि तू ते ४.६ वर १.३५ व्होल्टला नेलेस. वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढला. वीज, आणि म्हणून उष्णता, ३८-३९ टक्क्यांनी. ही उष्णता जाणार कुठे? माडीवरच्या हवेत. इथेच घोडं पेंड खातं.

तो व्हिडिओवाला बहुधा २०-२२ अंशांच्या एसी खोलीत बसलेला असतो. कूलरचं काम एवढंच, की प्रोसेसरची उष्णता खोलीच्या हवेत सोडायची. हवा जितके अंश गरम, जवळजवळ तितकेच अंश प्रोसेसरचा आकडा वर सरकतो. २२ अंशांच्या खोलीत ज्याला ७५ दिसतात, त्याला ३६ अंशांच्या खोलीत त्याच कामाला ८९ दिसतील. किनाऱ्यावर विदर्भासारखे ४५ होत नाहीत हे खरं, पण कौलांखालची माडी मे महिन्यात दुपारी बाहेरच्याहून गरम असते आणि रात्रीही उतरायचं नाव घेत नाही. दमट हवेचा मात्र कूलरला काही त्रास नसतो. घाम आपल्याला फुटतो, हीटसिंकला नाही. दमटपणाचं दुखणं वेगळं आहे, त्याकडे नंतर येतो.

म्हणून तुझं पहिलं ओव्हरक्लॉकिंग असं: पीसी माडीवरून उचल आणि खाली माजघरात आण. जाड चिऱ्याच्या भिंतींच्या आतल्या खोलीत दुपारीसुद्धा तीन-चार अंश कमी असतात. चार अंश कमी करण्यासाठी लोक महागडे कूलर घेतात, तुला ते उचलण्याच्या कष्टात मिळतायत. फक्त जमिनीवर ठेवू नकोस. पावसात लादीला पाझर सुटतो आणि तळाचा पंखा तीच हवा ओढतो. एखाद्या स्टुलावर ठेव, भिंतीपासून वीतभर लांब.

बर्फाचं पाणी किंवा गारवा करणारी पेल्टियर चकती लावण्याचे प्रयोग व्हिडिओत दिसतील. आपल्याकडे त्यांच्या वाटेला जाऊ नये. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २७ अंशांवर येतो. म्हणजे २७ च्या खाली गेलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाणी जमणार, मदरबोर्डवरसुद्धा. पंख्याचा साधा कूलर खोलीच्या तापमानाखाली कधीच जात नाही, म्हणून तो इकडे निर्धोक.

कूलर मात्र बदल. खोक्यातून येतो तो प्रोसेसरच्या मूळ वॉटेजपुरता ठीक आहे, त्यापुढे त्याच्यात जीव नाही. चार हीटपाइप आणि १२० मिलिमीटरचा पंखा असलेला उभा टॉवर कूलर घे. पाण्याचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर जोडूनच येणारा कूलर) नवशिक्याने घेऊ नये असं माझं मत. ५६००एक्सला त्याची गरज नाही, आणि पंप बिघडला तर इकडे बसल्या जागी दुरुस्ती होत नाही. टॉवर बसवताना थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी मध्यावर ठेवायची, बाकी कूलरच्या दाबाने पसरते. स्क्रू तिरपे, आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं तापवून, मग बंद करून, तो हलकेच डावीउजवीकडे पिळून सोडव. थंड असताना सरळ वर ओढलास तर एएम४ चा प्रोसेसर (तुझा त्यातलाच) सॉकेटमधून कूलरला चिकटूनच वर येतो आणि पिना वाकतात. माझ्याकडे येणाऱ्या ‘मेलेल्या’ रायझनांपैकी कितीतरी असेच वाकलेल्या पिनांचे असतात. आणि हा जड टॉवर लावलेली कॅबिनेट एसटीने न्यायची वेळ आली तर आडवी ठेव, मदरबोर्ड खालच्या अंगाला. आपल्या वळणांवर उभ्या बोर्डाला ते वजन झेपत नाही.

आता प्रत्यक्ष काम. काही बदलण्याआधी नोंद घे. तापमान, वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो६४ चालू ठेव आणि प्रोसेसरला भार देऊन स्कोअर काढणाऱ्या सिनेबेंच आर२३ चा दहा मिनिटांचा मल्टी कोअर टेस्ट लाव. वहीत लिही: खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल तापमान, वॉट, कोअरचा वेग आणि स्कोअर. वेग बघताना ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ची ओळ बघ, नुसत्या क्लॉकची नको. व्होल्टेज फार कमी केलं तर रायझन कधी कधी वरवर ४.६ दाखवतो आणि आतून गती चोरतो. स्कोअर आणि इफेक्टिव्ह क्लॉक खोटं बोलत नाहीत. खोलीचं तापमान लिहायला विसरलास तर बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरतो. नुसतं माउस हलवताना व्होल्टेज १.४ च्या वर दिसलं तर घाबरू नकोस. एक-दोन कोअर हलक्या कामाला वर उसळताना ५६००एक्स तेवढं घेतोच, तेव्हा करंट फारसा नसतो. सगळे कोअर भरात असताना तेवढंच दिसलं तर मात्र काहीतरी चुकलंय.

मग रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वेग बघ. ३२०० ची रॅम घेऊनही तिथे २१३३, २४०० किंवा २६६६ दिसत असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या छापील वेगाला चालवणारी सोय, चालू केलेलंच नाही. जुळवून देणारे हे करायचं विसरतात किंवा टाळतात. रायझनमध्ये आतल्या भागांना जोडणारी वाट रॅमच्या तालावर चालते, त्यामुळे ही एक कळ दाबल्याचा फरक कामात जाणवतो. चालू केल्यावर मेमटेस्ट८६ एकदा रात्रभर लाव. एकही चूक आली तर ती रॅम त्या वेगाला नको. कारण रॅमच्या चुका नेहमी निळा स्क्रीन दाखवत नाहीत, त्या गुपचूप फायली खराब करतात. तुझ्याकडे लोकांच्या लग्नाचं फुटेज असतं. कशालाही हात लावण्याआधी त्याची दुसऱ्या डिस्कवर प्रत करून डिस्क काढून ठेव. नवरा-नवरी पुन्हा बोहल्यावर चढणार नाहीत.

प्रोसेसरसाठी दोन रस्ते आहेत. पहिला जुना: मल्टिप्लायर ४६ टाकायचा, १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकला गुणून ४.६ झाले, व्होल्टेज ठरवून द्यायचं, संपलं. व्हिडिओत हाच दाखवतात, कारण दिसायला सोपा आहे. पण रायझन ५००० वर मी तो करायला सांगत नाही. हाताने एकच वेग ठोकला की प्रोसेसरची स्वतःची बूस्ट यंत्रणा बंद होते. सगळे कोअर ४.५ वर बसवलेस तर एकट्या कोअरचं ४.६ गेलं, म्हणजे टाइमलाइन पुढेमागे करणं, सॉफ्टवेअर उघडणं अशी हलकी कामं उलट मंदावतात. आणि व्होल्टेज कायम डोक्यावर. तरी कुणी करणारच असेल तर निदान १.३ व्होल्टच्या आत राहावं आणि बेस क्लॉकला अजिबात हात लावू नये.

दुसरा रस्ता प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पीबीओ, आणि त्यातला कर्व्ह ऑप्टिमायझर. कुठल्या वेगाला किती व्होल्टेज घ्यायचं याचा तक्ता प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच भरलेला असतो. लाखो चिप्सना एकच नियम लावायचा असल्यामुळे तो थोडा सैल हाताने भरलेला असतो. कर्व्ह ऑप्टिमायझर त्या तक्त्यातून व्होल्टेज छाटतो. उणे १ म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, आणि उणे ३० पर्यंत जाता येतं. व्होल्टेज कमी, म्हणून उष्णता कमी, म्हणून त्याच वॉटमध्ये प्रोसेसरला आणखी वर जायला जागा. थंडही होतो आणि वेगही वाढतो. आपल्या हवेत याहून सोयीचं दुसरं काही नाही. बायोसमध्ये हे एएमडी ओव्हरक्लॉकिंगच्या भागात, पीबीओ ॲडव्हान्स्ड केल्यावर दिसतं. दिसलंच नाही तर बायोस जुनं आहे.

आकडे असे. पीबीओ लिमिट्स ‘मदरबोर्ड’वर ठेवू नकोस, त्यात बोर्ड दार सताड उघडून देतो. ‘मॅन्युअल’ घे. ५६००एक्सचं मूळ पीपीटी (प्रोसेसरला मिळणाऱ्या एकूण विजेची मर्यादा) ७६ वॉट आहे, ते ९५ कर. करंटच्या मर्यादा, सलग भाराची टीडीसी ६० आणि क्षणिक उसळीची ईडीसी ९० अँपिअर आहेत, त्या ७० आणि १०५ केल्यास पुरे. स्केलर जिथे आहे तिथे राहू दे. थर्मल लिमिटची ओळ असते, तिथे ८५ लिही. ही ओळ नवशिक्याचा खरा राखणदार आहे: पंखा अडकला, जाळी तुंबली, माडीवर ३८ झाले, तरी प्रोसेसर ८५ च्या वर जायचा नाही, आपला वेग उतरवेल. बूस्ट ओव्हरराइड (बूस्टची कमाल मर्यादा वाढवणारा आकडा) पहिल्या खेपेला शून्य. सगळं स्थिर झाल्यावर हवं तर ५० किंवा १०० मेगाहर्ट्झ दे.

कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात कर. सिनेबेंच पुन्हा लाव, वहीतल्या आकड्याशी ताडून बघ. स्कोअर वाढला आणि तापमान त्या मानाने वाढलं नाही, तर दिशा बरोबर. मग कोअरगणिक बदल. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये दोन सर्वांत चांगल्या कोअरांवर खूण केलेली दिसते. नवशिक्या समजतो की चांगल्या कोअरला जास्त उणे चालेल. उलट असतं. हेच कोअर सगळ्यांत वर उसळतात आणि कारखान्याने त्यांना आधीच कमी व्होल्टेजवर कसून बसवलेलं असतं. त्यांना उणे ५ ते १० च्या आत ठेव. बाकीचे चार उणे १५, उणे २० पर्यंत सहसा निभावतात. हे पल्ले सर्वसाधारण आहेत. तुझी चिप कुठे थांबते ते तिचं तीच सांगेल.

सांगते कशी, ते महत्त्वाचं. व्होल्टेज वाढवून केलेला ओव्हरक्लॉक भरात असताना कोसळतो. कर्व्ह ऑप्टिमायझरचा फसलेला आकडा मात्र निवांत असताना कोसळतो. सिनेबेंच तासभर चालेल, एक्स्पोर्ट पार पडेल, आणि रात्री मशीन नुसतं डाउनलोड करत असताना आपोआप रीस्टार्ट होईल. कारण एकटा कोअर कमाल वेगाला पोचतो तो हलक्या कामाला, आणि सगळ्यांत जास्त छाटणी तिथेच जाणवते. म्हणून सगळ्या कोअरांवर एकदम भार टाकून चाचणी करणं अर्धवट आहे. कोअरसायकलर नावाची मोफत स्क्रिप्ट प्राइम९५ या भार टाकणाऱ्या प्रोग्रामला एका वेळी एकाच कोअरवर चालवते आणि कुठला कोअर चुकला ते लिहून ठेवते. ती रात्रभर लाव. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’, क्रमांक १८ अशी हार्डवेअरच्या चुकीची नोंद आली का बघत जा. तिच्यात प्रोसेसर एपिक आयडी दिलेला असतो. ५६००एक्सवर ०-१ म्हणजे पहिला कोअर, २-३ म्हणजे दुसरा, असं साधारणपणे धर. जो कोअर सापडला त्याचा आकडा पाचने शून्याकडे आण आणि पुन्हा रात्रभर. एका वेळी एकच बदल.

कधी बायोसमधला आकडा इतका चुकतो की स्क्रीनच येत नाही. प्लग काढ, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धर, बोर्डावरच्या सीएमओएस क्लिअरच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोड. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेव. सगळं मूळपदावर येतं. म्हणून चालू असलेल्या सेटिंगचे मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे.

आता दमटपणा. मिठाचा एक गुण आहे: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. किनाऱ्यावरच्या वाऱ्यातून येणारे मिठाचे बारीक कण पंख्याबरोबर कॅबिनेटमध्ये जातात, जांभ्याच्या तांबड्या धुळीत मिसळून बोर्डावर बसतात, आणि जून ते सप्टेंबर ओले होतात. चालू मशीनची आतली हवा गरम असल्यामुळे तिथली सापेक्ष आर्द्रता उतरते, त्यामुळे रोज वापरातला पीसी टिकतो. आठ-आठ दिवस बंद राहिलेला सडतो. कॉलेजला जाताना घरच्यांना सांगून ठेव, पावसाळ्यात रोज तासभर तरी चालू करा म्हणावं.

हे ओव्हरक्लॉकिंगच्या उत्तरात कशाला, तर रॅमच्या पट्टीवर आणि स्लॉटमध्ये चढलेल्या क्षाराने मशीन हुबेहूब तसंच कोसळतं जसं फसलेल्या ओव्हरक्लॉकने कोसळतं. मुलं आठवडाभर आकडे बदलत बसतात आणि दोष स्लॉटमध्ये असतो. ओळखायची रीत सोपी: बायोसमध्ये सगळं डिफॉल्टवर आण. तरीही निळा स्क्रीन येत असेल तर ओव्हरक्लॉकचा संबंध नाही. रॅम काढून सोनेरी संपर्क ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुस, स्लॉट ब्लोअरने साफ कर, दोनदा काढघाल कर. घरात आगोटीची (पावसाळ्याआधीची) आवराआवर सुरू झाली की पीसीचीही करून घ्यायची: ब्लोअर, मऊ ब्रश, जाळ्या धुऊन पूर्ण वाळवून. कॅबिनेटची मागची रिकामी भोकं जाळीने बंद कर. एसएमपीएसमध्ये (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात) मुंग्यांनी केलेलं घर आणि पाल चिकटून झालेला शॉर्ट, दोन्ही नेहमीचे.

लाईटीचं. बायोस अपडेट करताना मध्येच लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, मागे फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरणारं) बटण असेल तरच वाचतो. तेव्हा यूपीएस असल्याशिवाय अपडेट नको, आणि वळवाचे ढग जमलेत अशा संध्याकाळी तर यूपीएस असूनही नको. विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग आणि इंटरनेटची वायर दोन्ही उपसून ठेवायच्या. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो. तुझं मशीन भरात अडीचशेच्या आसपास जाईल, तेवढ्याला तो पुरतो. एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला बिननावाचा असेल तर ओव्हरक्लॉकचा विचार तिथेच थांबव आणि आधी तो बदल. चांगला आहे का ते भारात बघ: १२ व्होल्टची रेल ११.४ च्या खाली जाता कामा नये.

अर्थिंग तर न चुकता तपास. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, टेस्टर मंद पेटत असेल, तर अर्थ मिळत नाहीये. एसएमपीएसच्या फिल्टरमधून गळणारा थोडासा करंट जमिनीत न जाता पत्र्यावर बसतो. जांभ्या कातळावरच्या घरांत हे सर्रास आढळतं, कारण कातळ उन्हाळ्यात कोरडाठक पडतो आणि मीठ-कोळशाचा खड्डाही वाळतो. एप्रिल-मे मध्ये त्यात अधूनमधून पाणी ओतायचं. खड्डाच नसेल तर वायरमनला बोलाव, हे काम आपण करायचं नाही.

शेवटची चाचणी कधी घ्यायची, यावर माझा आग्रह आहे. जानेवारीच्या रात्री सगळेच ओव्हरक्लॉक स्थिर असतात. तू आत्ता बसवलेले आकडे मे महिन्यात दुपारी दोन-तीनला, पंखा आणि खिडक्या रोज असतात तशाच ठेवून, तासभर खऱ्या एक्स्पोर्टवर तपास. सिनेबेंचला ८० च्या आत आणि एक्स्पोर्टला ७५ च्या आसपास राहिलं तर वर्षभर बघायला नको. ८५ च्या मर्यादेला टेकत असेल तर पीपीटी ९५ वरून ८५ वर आण. स्कोअर एक-दोन टक्के उतरेल, तापमान त्याहून बरंच जास्त. एवढं सगळं करून तुझ्या चिपकडून सगळ्या कोअरांवर पाच-सहा टक्के वाढ मिळाली तर समाधान मान.

वॉरंटीचं: पीबीओ एएमडीनेच दिलेलं असलं तरी ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान त्यांच्या वॉरंटीत बसत नाही, हे त्यांनी लिहूनच ठेवलंय. नुसता एक्सएमपीसुद्धा त्यांच्या लेखी ओव्हरक्लॉकच.

आतेभावाला सांग, १२४०० चा मल्टिप्लायर बंद आहे. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट, दोन्ही असेल तरच तो उघडतो. त्याचा बोर्ड बी६६० असेल तर रॅमचा एक्सएमपी चालेल, पण ३२०० वर समाधान मानावं. ‘के’ नसलेल्या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज वाढवता येत नाही, त्यामुळे ३६०० ची रॅम घेऊन अडकायला होतं. त्याच्या १२४०० ची दीर्घकालीन मर्यादा ६५ वॉट आणि थोड्या वेळापुरती ११७ वॉट आहे. चांगला कूलर लावून बायोसमध्ये दीर्घकालीन मर्यादाही ११७ केली तर लांब एक्स्पोर्टला वेग टिकून राहतो. त्याच्यापुरतं ओव्हरक्लॉकिंग तेवढंच. आणि तो तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा आय७ किंवा आय९ घ्यायच्या विचारात असेल, तर मशीन हातात आल्या दिवशी बायोस अपडेट करायला सांग. जादा व्होल्टेजमुळे ते प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं २०२४ मध्ये इंटेलनेच मान्य केलं, मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुन्या बायोसवर तो प्रोसेसर चालवत ठेवण्यात अर्थ नाही.